बंड्याने टाकलेलं माहेरचं नाव

खोटं कशाला बोलू, या सदरातले अनुभव मी टाइमपास म्हणूनच वाचत आले. चिंचेखालची बाई, मागून येणारा पैंजणांचा आवाज... वाचायचं, नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी हसायचं. मी आयटीत आहे. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण "मॅडम, आपोआप झालं" असं म्हणतच येतो, आणि मी लॉग उघडून त्याला दाखवते की बाबा रे, आपोआप काही झालेलं नाही, तूच हे बटण दाबलंस. त्यामुळे आज मीच "आपोआप झालं" म्हणायला बसले आहे याची मला थोडी लाज वाटते. तरी लिहिते. इथे कोणी माझ्यापेक्षा हुशार असेल तर त्याने चूक काढून दाखवावी, मला बरंच वाटेल.

मी वैशाली. जन्म, शाळा, लग्न, नोकरी, सगळं सूरतमध्येच. वडील अमळनेरकडून लूमवर कामाला आले आणि नवागामला राहिले. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती, अशी आमची खिचडी. नोकरी सचिनच्या बाजूला एका साडीच्या युनिटमध्ये आहे, त्याचं नाव लिहीत नाही. एम्ब्रॉयडरी होऊन आलेल्या साड्या दुसऱ्या मजल्यावर चेकिंगला येतात. तिथे बायका टेबलावर साडी पसरतात, सुटे धागे कापतात, डाग-भोक बघतात आणि घडी घालतात. प्रत्येक टेबलावर एक टॅबलेट आहे. बाईने सकाळी आपला कोड टाकून लॉगिन करायचं आणि एक साडी झाली की बटण दाबायचं. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही आहे. कोणत्या टेबलावर कोण बसलंय आणि किती माल झालाय, ते त्यावर सतत दिसत असतं.

आता अडचण सांगते, म्हणजे पुढचं समजेल. हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर वेगळं आणि हे टेबलांचं सॉफ्टवेअर वेगळं. दोघांची एकमेकांशी बोलचाल नाही. नवी बाई कामाला लागली की एचआर तिकडे नाव टाकणार आणि मी इकडे परत हाताने तिचं खातं उघडणार. कोणी काम सोडलं की तिकडून नाव जायचं, इकडे मात्र तसंच राहायचं. आमच्याकडे माणसं येतात-जातात किती! होळीला निम्मा मजला गावाला, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उरलेला. त्यातल्या बऱ्याच जणी परत येतच नाहीत. मग त्यांच्या उघड्या खात्यावर दुसरीच बाई बसायची आणि महिनाअखेरीस भांडणं माझ्या डोक्यावर. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, आमच्यात ती सोय नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." ते पुढचं व्हर्जन अजून यायचंय.

शेवटी मीच एक स्क्रिप्ट लिहिली. ती रोज सकाळी एचआरची फाइल वाचायची, टेबलांच्या सॉफ्टवेअरची स्क्रीन उघडायची आणि माणूस करतो तसं एकेक खातं भरायची. कोड टाकायची, नाव टाकायची, सेव्ह करायची. सोडून गेलेल्यांची खाती बंद करायची. कुठे नाव एचआरच्या फाइलपेक्षा वेगळं दिसलं तर फाइलमधलं नाव टाकून दुरुस्त करायची. सांगितलेलंच करते, जास्तीचं काही नाही, म्हणून तिचं नाव मी बंड्या ठेवलं. आमच्या घरी बंड्या नावाचा बैल होता, वडील त्याचं असंच कौतुक करायचे. बंड्याला वेगळा जुना कॉम्प्युटर दिला होता, आणि तो काय करतो त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवायची मी सवय लावून घेतली होती. दोन-तीन महिने त्याने एक चूक केली नाही. माझ्या बोटांची सुटका झाली आणि मी खुशीत होते.

मग एक दिवस चेकिंगचे सुपरवायझर जिग्नेशभाई यांचा फोन आला.

"वैशालीबेन, टीवी पर हिंदीमां कोनुं नाम आवे छे?"

मी वर गेले. टीव्हीवर सगळी नावं इंग्रजीत, आणि मधेच एका टेबलासमोर चक्क देवनागरीत लिहिलेलं — सिंधू उखा पाटील. ते हिंदी नव्हतं, मराठी होतं. टेबलावर बसली होती मनीषा रवींद्र वाघ. वय चाळिशीच्या आसपास, कमी बोलणारी, खाली मान घालून काम करणारी बाई. माझी-तिची ओळख जिन्यात हसण्यापुरती. या नावाची कोणीच बाई मजल्यावर नव्हती, आधीही कधी नव्हती. मी एचआरची फाइल बघितली. त्या कोडसमोर सरळ मनीषा रवींद्र वाघ. म्हटलं, कोणीतरी गंमत केली असेल. हाताने नाव बदललं आणि खाली येऊन चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी परत तेच.

आता माझं डोकं फिरलं. बंड्याचा लॉग उघडला. त्यात लिहिलेलं, मनीषाचं नाव तपासलं, बरोबर आहे, पुढे. म्हणजे लॉग म्हणतोय बरोबर आणि टीव्ही दाखवतोय सिंधू. मग मी त्या सकाळचं रेकॉर्डिंग लावलं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. बंड्या नाव टाइप करत नाही. फाइलमधून उचलतो आणि चौकोनात एकदम ठेवतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत अख्खं नाव येतं. रेकॉर्डिंगमध्ये सगळ्या बायकांची नावं तशीच येत होती, टप्, टप्, टप्. मनीषाच्या खात्यावर आल्यावर कर्सर थांबला. बराच वेळ नुसता लुकलुकत राहिला. मग आधीचं नाव पुसलं गेलं आणि एक अक्षर आलं. मग थांबला. मग दुसरं अक्षर. मधेच एक अक्षर पुसलं आणि तेच परत लिहिलं. बँकेत फॉर्म भरताना एखादी म्हातारी जशी जपून सही करते, तसं ते नाव हळूहळू पूर्ण झालं. सेव्ह झालं. आणि पुढच्या बाईचं नाव परत टप् करून आलं.

त्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग नव्हतंच. इंग्रजी आणि गुजराती, दोनच. मी तीनदा तपासलं.

भीती वाटली का? नाही. मला राग आला. कोणीतरी बाहेरून घुसलंय असं वाटलं. मी नाव परत हाताने दुरुस्त केलं, बंड्याच्या लॉगिनचा पासवर्ड बदलला, कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढून फक्त आतलं नेटवर्क ठेवलं आणि मनीषाचा कोड बंड्याच्या कामातून वगळला. म्हणजे तिच्या खात्याला त्याने हातच लावायचा नाही. सकाळी वर जाऊन बघते तर सिंधू उखा पाटील.

तोवर ही गोष्ट एचआरपर्यंत गेली होती. त्यांना भलताच संशय आला. एकीच्या कार्डावर दुसरीच बाई काम करते, असे प्रकार आमच्याकडे होऊन गेले होते. त्यांचं म्हणणं पडलं की ही बाई मनीषा नसून सिंधू आहे, कागद दुसऱ्याचे दिले आहेत, काढून टाका. मला बोलावलं ते मराठी समजतं म्हणून. मनीषा आली, हातातली कात्री ठेवायची राहून गेली होती. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"हे नाव कोणाचं आहे, ताई?"

तिने वाचलं आणि खाली बसली. खुर्ची होती, पण ती खुर्चीवर नाही, जमिनीवर बसली.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणाचं आहे ते सांगा आधी."

"माझंच शे. माहेरचं. लग्नात बदललं."

एचआरवाल्यांना मी समजावून सांगितलं. आमच्यात लग्नाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून सासरी तेच नाव. हिचं आधार, बँक, सगळं लग्नानंतर मनीषा नावानेच काढलेलं. गेटवर तिचा अंगठा लावून बघितला, जुळला. नोकरीवरचं संकट टळलं. एचआरवाले म्हणाले, ठीक आहे, पण मॅडम, तुमच्या सिस्टिममध्ये हे नाव आलं कुठून? कुठल्याच कागदावर ते नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मी मनीषाजवळ जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला माझ्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, तिच्या दुःखाशी मला घेणं नव्हतं. विचारलं, सूरतमध्ये हे नाव कोणाला माहीत आहे? ती म्हणाली, नवऱ्याला, आणि तो कधी उच्चारत नाही. मग थोडं थोडं करत बाकीचं आलं. तिच्या भावाच्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान तिच्या सासऱ्यांच्या आधी दुसऱ्याच कोणाला दिला गेला. सासरे पंगतीतून उठले. तिथून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद झालं. सासऱ्यांनी मुलाकडून शब्द घेतला की त्या घरी पाऊल टाकायचं नाही. सासरे वारले, तरी शब्द राहिला. भाऊही ताठ, त्याने कधी फोन केला नाही. तिने केला तर नंबर बदललेला. सगळ्या जणी आखाजीला माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि ही त्या दिवसांत ओव्हरटाइम मागून घ्यायची.

"मायचं काय?" मी विचारलं.

"शे का नही, तेबी माले माहीत नही," ती म्हणाली आणि डबा बंद केला. एका टॉवेल-टोपीपायी एवढं? मला इतका संताप आला की मी तिच्यावरच ओरडले असते.

त्या दिवशी मी नाव बदललं नाही. तिनेच सांगितलं, "आज राहू द्या, ताई. कोणाले समजस इथे?" खरंच होतं. मजल्यावर गुजराती, हिंदी, उडिया बोलणाऱ्या. आमच्या खान्देशी बायका टीव्हीकडे आपल्या आकड्यापुरतं बघतात.

मग भारतीबाई आल्या.

भारतीबाई नव्यानेच घडीच्या कामाला लागल्या होत्या. लेकाकडे राहायला म्हणून पारोळ्याकडून सूरतला आलेल्या, साठीच्या. इंग्रजी येत नाही, गुजराती येत नाही, मराठी चौथीपर्यंत. टीव्हीवरच्या एवढ्या नावांत त्यांना वाचता येईल असं एकच नाव होतं. त्यांनी ते वाचलं. आकडेवारीसाठी मी तिथेच जिग्नेशभाईंशी बोलत उभी होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्या घडीची साडी हातात तशीच घेऊन टेबलांमधून चालत आल्या आणि मनीषासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ चेहरा निरखला.

"तू उखाबाबानी आंडेर शे ना? सिंधू?"

आंडेर म्हणजे लेक. मनीषाने मान वर केली. तिला त्या बाई ओळखू आल्या नाहीत.

"मी तुन्हा गावनी. खालनी गल्लीमधली. माय, तुन्ही माय जागावर पडेल शे. सूरतले जाणारा जो भेटस, तेले तीच इचारस — मन्ही सिंधू दिसनी का? आम्ही इथं इचारतस, तर सिंधू कोणलेच माहीत नही!"

कसं माहीत असणार? आई सिंधूला शोधत होती आणि सूरतमध्ये सिंधू नव्हतीच, मनीषा होती. लेकासमोर मुलीचं नाव काढायची चोरी, आणि तिचं सासरचं नाव आईच्या तोंडी कधी बसलंच नव्हतं, म्हणून ती बिचारी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानात तेवढं एक नाव सांगत राहिली. भारतीबाईंनी सांगितलं की आता तिचं काही खरं नाही, जायचं तर आजच निघ.

मनीषा जागची हलेना. "हे काय म्हणतील... सासऱ्यांना शब्द दिलेला शे," एवढंच परत परत. मी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि तिच्या नवऱ्याला लावला. तो पांडेसऱ्याला मिलमध्ये असतो. मी माझी ओळख सांगितली आणि जे ऐकलं ते एका दमात सांगून टाकलं. भांडायची पूर्ण तयारी ठेवली होती, वाक्यं जुळवून ठेवली होती. मागे मशिनांचा आवाज येत होता.

तो म्हणाला, "भुसावळकडची गाडी किती वाजेची शे, मॅडम?"

उधना स्टेशनवर तो स्वतः आला आणि तिच्यासोबत गाडीत चढला, मिलच्या कपड्यांवरच. हे मला भारतीबाईंच्या लेकाने सांगितलं, तो मनीषाला स्टेशनवर सोडायला गेला होता.

इकडे मी बंड्याला पूर्ण बंद केलं. नुसती स्क्रिप्ट बंद केली नाही, कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि पेटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. परत हाताने नावं टाकायला लागले. जिग्नेशभाई चिडवायचे, "शुं बेन, बंड्यो रजा पर?" मी हसण्यावारी न्यायची. सिंधूचं नाव मात्र तसंच ठेवलं. ती नाही, टेबल रिकामं, कशाला हात लावा.

मनीषा परत आली ती आईचं तेरावं करून. गालफडं बसलेली, पण चेहरा निवळला होता. आई दोन दिवस होती, म्हणाली. ओळखलं. बोलायची ताकद नव्हती, तरी "ऊनी का, सिंधू?", आलीस का, एवढं म्हणाली. मग हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. भाऊ आणि नवरा दोघांनी मिळून खांदा दिला. टॉवेल-टोपीचं नाव कोणी काढलं नाही.

मला बरं वाटलं आणि रडूही आलं. ते लपवायला मी लॅपटॉप उघडला. विचारलं, "तुमचं नाव काय ठेवू आता? सिंधूच राहू देऊ? मी एचआरशी बोलेन."

ती म्हणाली, "नको, ताई. मनीषाच करा. सिंधू म्हणणारी गयी."

मी तिचं खातं उघडलं. तिथे आधीच लिहिलेलं होतं — मनीषा रवींद्र वाघ. इंग्रजीत, बाकीच्या सगळ्यांसारखं.

बदल कधी झाला ते सॉफ्टवेअर दाखवतं. तिची आई गेली त्या दिवसाची तारीख होती. बदल कोणी केला, तेही दाखवतं. तिथे बंड्याचं लॉगिन होतं. बंड्या त्या दिवशी माझ्या कपाटात कुलपात होता, आणि बदललेला पासवर्ड माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हता.

तर ही गोष्ट. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, तुमचा पासवर्ड फुटला असेल. फुटला असेल, पण मग ज्याला फुटला त्याला हे नाव कोणी सांगितलं? माझ्या नवऱ्याचं म्हणणं, तूच कधीतरी ते नाव ऐकलं असशील आणि नकळत टाकलं असशील. मी त्याला रेकॉर्डिंग दाखवलं, त्यानंतर तो हा विषय काढत नाही. मी अख्खा कोड ओळ न ओळ वाचला आहे, एकदा नाही, अनेकदा. त्यात असं करणारं काही नाही. बंड्याला मी नंतर परत चालू केलं, कामच तेवढं आहे, आणि तो पूर्वीसारखाच सांगितलेलं करतो. मला आजही काही कळलेलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला नाव द्यायची मला सवय नाही.

मनीषाने मात्र मला एकदाही विचारलं नाही की हे कसं झालं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "ताई, ते नाव लिहितानाचं जे चित्र तुमच्याजवळ शे, ते माझ्या मोबाईलवर द्या." कंपनीचं रेकॉर्डिंग बाहेर द्यायचं नाही असा नियम आहे आणि तो मीच लिहिलेला आहे. मी दिलं. जेवणाच्या सुट्टीत ती कधी कधी ते लावून बसते. एक अक्षर येतं, थांबतं, पुसलं जातं, परत येतं. ती घाई करत नाही, नाव पूर्ण होईपर्यंत बघत राहते. मग परत पहिल्यापासून लावते.